प्रत्येक टाकीत स्नेल विकायचा नसतो



अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकू बघणाऱ्यांकडून एक प्रश्न ठरलेला येतो. "सर, स्नेल ठेवले तर मार्जिन किती सुटतं?" कोणता स्नेल, कसल्या पाण्यात, कोणत्या माशांबरोबर, हे कोणी विचारत नाही. डायरेक्ट मार्जिन. मार्जिनचं गणित खाली मांडतोच, पण माझं मत आधीच सांगून टाकतो. घरगुती, गोड्या पाण्याच्या टाकीसाठी स्नेल निवडताना "हा काय साफ करतो" यापेक्षा "हा विकल्यावर सहा महिन्यांनी त्या टाकीत काय झालेलं असेल" हा प्रश्न मोठा आहे. आणि त्याचं उत्तर दुकानदाराला माहीत असलं पाहिजे. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर पिशवी घेऊन घरी जातं.

बाजारात स्नेल एका वाक्यावर विकला जातो. "घेऊन जा, टाकी साफ ठेवतो, काही करावं लागत नाही." हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो. स्नेल शेवाळ खातो, उरलेलं खाणं खातो, कुजलेलं पान खातो, हे बरोबर. पण जे खातो ते बाहेरही टाकतो ना. दहा-पंधरा लिटरच्या टाकीत तीन मोठे मिस्ट्री स्नेल सोडले तर घाण कमी होत नाही, फक्त तिचं रूप बदलतं. टाकी साफ माणूस ठेवतो, दर आठवड्याला थोडं पाणी बदलून. स्नेल त्याला हातभार लावतो, बस.

त्यामुळे माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिला नियम असा सांगतो की ज्या दिवशी गिऱ्हाईक नवीन टाकी घेतंय, त्या दिवशी त्याला स्नेल विकायचा नाही. ऐकून लोकांचे चेहरे पडतात. कारण नवीन टाकीचं बिल होत असताना दोन-तीन स्नेल वर टाकणं सगळ्यात सोपं असतं, गिऱ्हाईक तेव्हा "द्या" म्हणायच्या मूडमध्ये असतं. पण नवीन टाकीत शेवाळच नसतं, तर तो खाणार काय? वर फिल्टरमधले बॅक्टेरिया अजून तयार झालेले नसतात, अमोनिया वाढतो, आणि स्नेल त्यात लवकर मरतो. तो मेलेला आहे हे घरच्यांना दोन दिवस कळतही नाही, कारण जिवंत असतानाही तो तासन् तास एका जागी बसून असतो. कळतं ते वासाने. तोपर्यंत पाणी खराब, मासेही सुस्त. महिना-दीड महिना जाऊ द्या. काचेवर हिरवट थर दिसायला लागला की गिऱ्हाईक स्वतःच परत येतं आणि विचारतं. तेव्हा विका. तीच विक्री दीड महिन्यांनी होते, आणि दुकानात एक चक्करही वाढते.

मग येतो पाण्याचा प्रश्न. पाणी कुठलं, हे विचारल्याशिवाय स्नेल पिशवीत भरू नका. शंख कॅल्शियमचा असतो. पाणी मऊ आणि आम्लाकडे झुकणारं असेल तर शंख हळूहळू झिजतो, टोकाकडे पांढरा पडतो, खड्डे पडतात. धरणाचं नळाचं पाणी बऱ्याच शहरांत मऊ असतं. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा त्याहून मऊ. याउलट देशावर, मराठवाड्यात बोअरचं पाणी क्षाराचं, जड. माशांच्या बाबतीत ज्या पाण्याला आपण शिव्या घालतो, ते स्नेलला मानवतं. सगळ्यात वाईट म्हणजे निव्वळ आरओचं पाणी. "आम्ही माशांनाही फिल्टरचंच पाणी घालतो" असं कौतुकाने सांगणारी मंडळी भेटतात, त्यांना समजावून सांगा की त्यात कॅल्शियम जवळपास उरतच नाही. पीएच सातच्या वर आणि पाण्यात थोडी जडता, एवढं बघायला टेस्ट स्ट्रिप पुरते. पाणी मऊ असेल तर पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात तो कटलबोन, म्हणजे आपलं समुद्रफेन, त्याचा तुकडा टाकीत टाकायचा. स्वस्त वस्तू आहे, काउंटरवर ठेवा.

दुसरा प्रश्न, टाकीत मासे कोणते? फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर असेल तर विषयच संपला. लोच असतील, म्हणजे यो-यो किंवा क्लाउन, तर स्नेल त्यांचं जेवण आहे. पफर तर शंखावरच जगतो. गप्पी, मॉली, टेट्रा, कोरी यांच्याबरोबर चालतं. गोल्डफिश मोठ्या स्नेलला फार काही करत नाही, पण मिशीला तोंड लावत राहतो, आणि स्नेल दिवसभर आत ओढून बसतो. आणि औषध. माशांच्या कित्येक औषधांत कॉपर असतं, त्याने मासा बरा होतो आणि स्नेल मरतो. म्हणून माझ्या दुकानात औषधाची बाटली देताना उलटा प्रश्न असतो: "घरी स्नेल आहेत का?"

आता जाती. चार-पाचच नावं रोजच्या धंद्यात येतात, आणि सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही.

माझ्या मते घरगुती टाकीसाठी पहिली निवड नेराइट. झेब्रा, टायगर, शिंगवाला, कुठलाही घ्या. काचेवरचं, दगडावरचं शेवाळ खरवडून खाण्यात याच्या तोडीचा दुसरा नाही. झाडांना हात लावत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोड्या पाण्यात याची पिल्लं जगत नाहीत. अंडी घालतो, पण अळ्यांना खारट पाणी लागतं. म्हणजे तीन विकले तर सहा महिन्यांनी तीनच राहतात. गिऱ्हाईकाला दोन गोष्टी मात्र आधीच सांगायच्या. एक, तो लाकडावर, काचेवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवतो, ती सहज निघत नाहीत. काही लोकांना ते ठिपके अजिबात आवडत नाहीत, अशांना नेराइट विकूच नका. दोन, तो टाकीबाहेर चढतो, झाकण लागतं. तिसरी गोष्ट गिऱ्हाईकाला नाही, तुम्हाला सांगतो. हा माल बहुतेक निसर्गातून, नदी-खाडीच्या भागातून गोळा केलेला असतो. प्रवासात दमलेला येतो. होलसेलमधून आणला आणि त्याच संध्याकाळी विकला असं करू नका. आठ दिवस वेगळ्या, शेवाळ असलेल्या टाकीत ठेवा. उताणा पडलेला नेराइट कधीकधी स्वतः सरळ होऊ शकत नाही, त्याला सरळ करून ठेवायचं काम तुमचं.

मिस्ट्री स्नेलबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण दुकानात हाच सगळ्यात जास्त मागितला जातो. पिवळा, निळसर, पांढरा, जांभळट, सुपारीपेक्षा मोठा. मुलं काचेला नाक लावून बघतात. श्वासासाठी लांब नळी वर काढतो ते तर लहान मुलांना फारच आवडतं. पाळायला चांगला प्राणी आहे, माझा त्याला विरोध नाही. पण शोभेचा प्राणी म्हणून विका, सफाई कामगार म्हणून नाही. त्याला वेगळं खाणं द्यावं लागतं, उकडलेला पालक, काकडी, बुडणारी गोळी. टाकी काठोकाठ भरायची नाही, वर दोन बोटं जागा सोडायची. आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात तो साधारण वर्ष-दीड वर्ष जगतो, हे आधी सांगितलं तर नंतर "तुमचा माल खराब होता" ऐकावं लागत नाही.

यात नर-मादी वेगळे असतात. मादी पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाखाली अंड्यांचा गुच्छ लावते. एकाच गुच्छात शे-दोनशे अंडी सहज. एकटी मादी नेली तरी आधीच्या मिलनावर ती पुढे कित्येक आठवडे अंडी घालू शकते. पण अंडी पाण्याबाहेर असल्याने आवर घालणं सोपं आहे. नको असतील तर गुच्छ जुन्या कार्डाने खरवडायचा, पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि कचऱ्यात टाकायचा. हे गिऱ्हाईकाला दुकानातच सांगा, वाटल्यास कागदावर छापून द्या.

आता खरी अडचण. बाजारात "गोल्डन अ‍ॅपल स्नेल" या नावाखाली दोन वेगळे प्राणी फिरू शकतात. एक हा साधा मिस्ट्री, पोमेशिया डिफ्यूजा, जो धडधाकट झाडं सहसा खात नाही. दुसरा त्याचा चुलतभाऊ, पोमेशिया कॅनालिक्युलाटा, जो टाकीतली झाडं रात्रीत फस्त करतो, आणि टाकीबाहेर गेला तर भाताची कोवळी रोपं. दोघेही पिवळेधमक असू शकतात, रंगावर अजिबात जाऊ नका. शंखाचे वेढे एकमेकांना जिथे मिळतात ती शिवण बघा. कॅनालिक्युलाटामध्ये तिथे खोल घळ असते, त्याचं नावच त्यावरून पडलंय. मिस्ट्रीमध्ये शिवणीजवळचा खांदा सपाट, जवळजवळ काटकोनात असतो. अंडी बघितली तर आणखी सोपं. भडक गुलाबी गुच्छ दिसला की सावध व्हा. मिस्ट्रीचा गुच्छ फिकट, बदामी किंवा हलका गुलाबी असतो.

हे एवढं ताणून का सांगतोय? कारण या कॅनालिक्युलाटाची गोष्ट ही मुळात एका धंद्याची गोष्ट आहे, आणि तुम्ही धंदा करायला निघाला आहात. दक्षिण अमेरिकेतली ही गोगलगाय १९८० च्या सुमारास अर्जेंटिनातून तैवानला नेली, खाण्यासाठी. भरपूर पिल्लं, पटापट वाढ, खर्च कमी, लोकांनी पालन सुरू केलं. ऐकायला किती ओळखीचं वाटतं बघा. पण खाणाऱ्यांना चव आवडली नाही, मागणी बसली, आणि पाळणाऱ्यांनी माल कालव्यांत, ओढ्यांत सोडून दिला. तिथून ती भातखाचरांत गेली. तोवर जपान, फिलिपिन्स आणि पुढे इतर देशांतही ती अशीच "नवीन धंदा" म्हणून पोचली होती, आणि आशियात भाताची मोठी कीड होऊन बसली. जगातल्या सगळ्यात घातक १०० परक्या जीवांची जी यादी आहे, त्यात हिचं नाव आहे. नंतर स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतीत याच गटातली गोगलगाय शिरली, आणि २०१२ मध्ये युरोपियन युनियनने पोमेशिया हा अख्खा गटच आयातीला बंद केला. अख्खा, म्हणजे बिचारा मिस्ट्रीसुद्धा. ज्या दुकानदारांनी आयुष्यभर नीट माल विकला त्यांचाही माल गेला.

गोगलगाय एवढीशी, ती काय करणार, असं महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनचे कोंब खाऊन टाकले, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. ती जमिनीवरची, वेगळी गोगलगाय. पण आपल्याकडे कोकणात, भंडारा-गोंदियात, मावळात भात आहे, तळी आहेत, कालवे आहेत. त्यामुळे माझं मत साधं आहे. होलसेलवाला जात सांगू शकत नसेल आणि शिवणीत घळ असेल, तर तो माल घ्यायचाच नाही, मग तो अर्ध्या किमतीत का मिळेना.

रॅम्सहॉर्न आणि ट्रम्पेट यांच्याबद्दल थोडक्यात. दोघेही उपयोगी आहेत. ट्रम्पेट वाळूत शिरून ती हलती ठेवतो, रॅम्सहॉर्न मऊ शेवाळ आणि कुजकी पानं खातो. पण रॅम्सहॉर्न उभयलिंगी, आणि ट्रम्पेटला तर नराचीही गरज नाही, मादी एकटीच जिवंत पिल्लं देते. त्यामुळे विकताना "दोनच नेले होते हो, दोनशे झाले" हा फोन येणार हे धरून चाला. संख्या वाढायचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं, माशांना जास्त खाणं घालणं. तेव्हा लोक मारेकरी स्नेल मागायला येतात, असॅसिन. पट्ट्यापट्ट्यांचा, देखणा, दुसऱ्या स्नेलना खातो. विका, पण आधी खाण्याचं प्रमाण विचारा. खाणं कमी केलं, आणि रात्री काकडीची चकती टाकून सकाळी तिच्यावर जमलेल्यांसकट उचलली, की आठ-पंधरा दिवसांत फरक दिसतो. त्यात तुमचा असॅसिन विकला जात नाही, हे मान्य. आणि हो, ज्याच्या टाकीत महागडे नेराइट आहेत त्याला असॅसिन देऊ नका, तो त्यांनाही सोडेल याची खात्री नाही.

गावाकडची काही हुशार मुलं विचारतात, "सर, ओढ्यातले, विहिरीतले स्नेल आणून विकले तर? फुकटचा माल." नको. आपल्या तळ्यांतला चपटा, चक्रीसारखा स्नेल, इंडोप्लॅनॉर्बिस, जनावरांच्या रक्तातल्या पर्णकृमींचा वाहक आहे. त्या कृमींच्या अळ्या पाण्यात सुटतात आणि माणसाच्या हाताला खाज, पुरळ आणतात. तळ्यातल्या दुसऱ्या एका प्रकारच्या स्नेलमधून गुराढोरांच्या काळजातले पर्णकृमी पसरतात. मुलं टाकीत हात घालतात. फुकटचा माल एका दिवसात दुकान बंद करू शकतो.

आता मार्जिन, कबूल केल्याप्रमाणे. समजा मिस्ट्री ४० रुपयांना आणला आणि ८० ला विकता. कागदावर निम्मं मार्जिन, मस्त. ५० नग आणले, २,००० रुपये गेले. त्यातले १० प्रवासात आणि पहिल्या आठवड्यात मेले. म्हणजे उरलेल्या ४० चा खरा भाव पडला नगाला ५०. मार्जिन ४० नाही, ३०. त्यात टाकी, वीज, खाणं, आणि दोन जणांना बदलून दिलेला नग. बीबीएला आम्हाला इन्व्हेंटरीचे धडे होते, पण गोदामातला माल रात्रीत मरू शकतो हे पुस्तकात नव्हतं. म्हणून सुरुवातीला ५० आणू नका, १५ आणा. पिशवी उघडायच्या आधी बघा: झाकण घट्ट मिटतंय का, हात लावल्यावर आत ओढतो का, शंखाला तडा आहे का. झाकण सैल लोंबतंय आणि वास येतोय, तर तो मेलेला आहे, होलसेलवाला काहीही म्हणो.

दुसऱ्या बाजूला एक गिऱ्हाईक धरा जे महिन्याला ३०० रुपयांचं खाणं, स्पंज, औषध तुमच्याकडून नेतं. वर्षाचे ३,६००. चुकीचा स्नेल विकून त्याची टाकी बसली, तर तो मासे पाळणंच सोडतो. तो शेजारच्या दुकानात गेला असता तरी निदान छंदात राहिला असता. ३० रुपयांसाठी ते गिऱ्हाईक घालवायचं का, हे तुम्ही ठरवा.

आणि घरबसल्या स्नेल पालन? हा विषय हल्ली खूप चालतो. टेरेसवर चार टब, महिन्याला अमुक हजार. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. रॅम्सहॉर्न, ट्रम्पेट हा असा माल आहे जो गिऱ्हाईकाच्या घरी स्वतःच वाढतो. त्याला दुसऱ्यांदा विकत घ्यायची गरजच पडत नाही, उलट तोच शेजाऱ्याला फुकट वाटतो. नेराइटची पैदास गोड्या पाण्यात होत नाही, म्हणजे तो तुमच्या हातात नाही. राहिला मिस्ट्री. त्याची पिल्लं विकण्याजोगी व्हायला तीन-चार महिने लागतात, रोज खाणं, सतत पाणी बदल, कॅल्शियम. होईल, पण एका वेळी एक गुच्छ वाढवा, आणि तो वाढवायच्या आधी तुमच्या शहरातल्या चार दुकानदारांना भेटून विचारा की महिन्याला किती घेणार. बहुतेक जण दहा-वीसच्या वर बोलणार नाहीत. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या शोभेचे जीव वाढवणारे लोक बसले आहेत, आणि भावात तुम्ही त्यांना टेरेसवरून हरवणार नाही. गिऱ्हाईक ठरलेलं नसताना शेकडो पिल्लं टबात वाढत असली की शेवटी माणूस ती कुठे नेऊन ओततो, हे तैवानात दिसलंच आहे.

म्हणून माझ्याकडे एक पद्धत आहे, ती तुम्हीही सुरू करू शकता. जास्त झालेले स्नेल परत आणून द्या, असं मी गिऱ्हाईकाला विकतानाच सांगतो. पैसे देत नाही, खाण्याची एक छोटी पुडी देतो. आलेला माल तपासून लोच आणि पफर असलेल्यांना जातो, काही दुकानातल्या टाक्यांत राहतात. नळात, गटारात, तलावात, विसर्जनाच्या हौदात काहीही सोडायचं नाही, हे पिशवीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकरचा खर्च नगामागे पैशांत आहे.

पुढच्या व्हिडिओत शंखाची शिवण बघून मिस्ट्री कसा ओळखायचा ते कॅमेरा जवळ नेऊन दाखवतो. तुमच्याकडे "गोल्डन अ‍ॅपल" म्हणून आलेला माल असेल तर तो सध्या विकू नका. एक नग ओल्या कपड्यावर ठेवून वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढून ठेवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.